तुम्ही विचारलेत म्हणून: एकाच घरातली दोघे

प्रत्येक मार्गदर्शन शिबिरानंतर कोणीतरी मला बाजूला घेऊन विचारतेच, "साहेब, तुम्ही आणि तुमची थोरली बहीण एकाच घरात, एकाच गरिबीत वाढलात. तुम्ही अभियंता झालात, मग ती ऊसतोडीलाच का राहिली?" विचारणाऱ्याच्या मनात उत्तर बहुधा तयार असते, की माझ्यात जिद्द होती आणि तिच्यात नव्हती. इतकी वर्षे मी "तेव्हाची परिस्थितीच तशी होती" एवढे बोलून विषय टाळला. त्या टाळण्याने ताईवर अन्याय होतो, हे मला फार उशिरा कळले.

बीड जिल्ह्यातल्या आमच्यासारख्या गावांत दसरा-दिवाळीनंतर काय होते, ते तुम्हाला ठाऊक आहे: घरेच्या घरे ऊस तोडायला दूर साखर कारखान्यांच्या भागात जातात. मजूर नेणारा मुकादम आधीच आगाऊ रक्कम, म्हणजे उचल देतो, आणि ती फडात, म्हणजे उसाच्या शेतात, राबून फेडावी लागते. मला सांगायचे आहे ते १९९९ सालच्या एका संध्याकाळविषयी.

त्या वर्षी ताई पाचवीत होती, मी तिसरीत, आणि धाकटा नऊ महिन्यांचा. गुरुजींनी ताईचा जवाहर नवोदय विद्यालयाच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळेच्या, प्रवेश परीक्षेचा अर्ज भरला होता. सहावीच्या ८० जागा, बारावीपर्यंत राहणे, जेवणे आणि शिक्षण मोफत. पण ही परीक्षा पाचवीत असताना एकदाच देता येते, दुसरी संधी नाही. गुरुजींनी पदरमोड करून आणलेल्या गाइडमधली गणिते ताई चुलीच्या उजेडात सोडवायची आणि प्रत्येक गणिताशेजारी पेन्सिलीने पूर्ण रीत मांडायची. नुसते उत्तर लिहिणे तिला आवडत नसे.

गाडी पहाटे भरायची होती. आदल्या संध्याकाळी गुरुजी आले, ओट्यावर टेकले आणि वडिलांना म्हणाले, "पोरीला यंदा मागं ठेवा. हिचं नक्की होतंय." वडील बराच वेळ खाली बघत राहिले आणि मग म्हणाले, "गुरुजी, उचल घेतली अन् खर्चलीबी. आम्ही दोघं फडात गेल्यावर लेकराला कोण बघंल?" आजीच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, तिच्याजवळ एकच मूल राहू शकत होते. ताईला बाळ दिवसभर कडेवर घेता येत होते, भाकरी थापता येत होती. मला दोन्ही जमत नव्हते. एवढ्यावर निर्णय झाला. कोणी भांडले नाही, कोणी रडलेही नाही. गुरुजी उठले तेव्हा ताईने आतून गाइड आणून त्यांच्या हातात परत दिले. ७४व्या पानाचा कोपरा दुमडलेला होता. मी दाराआड उभा होतो, आणि आपण गावी राहणार हे कळल्यावर मला आनंद झाला होता. हे मी आजवर कोणाला सांगितलेले नाही.

फेब्रुवारीत परीक्षा झाली तेव्हा ताई अडीच-तीनशे किलोमीटरांवरच्या फडात होती. तिला परीक्षेपुरते आणायचे, तर वडिलांचे दोन-तीन दिवस मोडणार, खाड्याचे पैसे कापले जाणार आणि दोघांचे एसटीचे भाडे वेगळे. वडिलांनी मुकादमाला विचारले होते, असे मला पुढे आईकडून कळले. मुकादमाने काय उत्तर दिले, ते आई आजही सांगत नाही.

दोन वर्षांनी गुरुजींनी तेच गाइड माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाले, "आधी हिची उत्तरं खोड, मग तू सोडव." मी ७४ पाने खोडरबराने पुसली. पेन्सिलीचा रंग गेला, पण दाबून लिहिल्यामुळे कागदावर उठलेले वळ राहिले, आणि गणित अडले की मी पान उजेडाकडे तिरपे धरून तिची रीत वाचत असे. ७५व्या पानापासून मात्र मी एकटा होतो.

माझी निवड झाली. पुढचे तुम्हाला माहीत आहे.

मग मी मेहनत केली नाही का? केली. वसतिगृहात दिवे मालवल्यावर व्हरांड्याच्या उजेडात मी वाचत बसत असे, आणि ते श्रम कोणी नाकारले तर मला आजही राग येतो. परंतु त्याच वर्षांत ताई दिवस उगवण्यापूर्वी उठून पाचट आवरत होती, मोळ्या बांधत होती. तिचे श्रम माझ्यापेक्षा कमी होते असे मी कोणत्या तोंडाने म्हणू? मुलगा म्हणून मला मागे ठेवले, असेही काही जण म्हणतात. ते पूर्ण खरे नाही, कारण हिशेब बाळाचा होता. पण पूर्ण खोटेही नाही, कारण आठ वर्षांच्या मुलाला बाळ सांभाळायला शिकवावे, असे त्या संध्याकाळी कोणाच्याच मनात आले नाही, गुरुजींच्याही नाही.

नोकरी लागल्यावर गावात माझा सत्कार झाला, तेव्हा मी माइकवरून म्हणालो होतो, "परिस्थिती कोणाला अडवत नाही, मनात इच्छा पाहिजे." ताई बायकांमध्ये तिसऱ्या रांगेत बसली होती आणि तिने टाळ्या वाजवल्या. ते वाक्य मी मनापासून बोललो होतो, हीच गोष्ट मला सर्वांत जास्त बोचते. नंतर मी दुसऱ्या टोकाला गेलो आणि सगळे श्रेय नशिबाला देऊ लागलो, पण तेही मला पटत नाही. आज हंगामी वसतिगृहे आहेत, ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाची शासकीय वसतिगृह योजना आहे. ती तेव्हा असती तर ताई शिकली असती, असे मी बरीच वर्षे धरून चाललो. परंतु वसतिगृह शाळकरी मुलाला ठेवून घेते, नऊ महिन्यांच्या बाळाला नाही. ते बाळ फडाच्या बांधावर कोणाजवळ राहिले असते, याचे उत्तर मला अजून सापडलेले नाही.

माझ्यावर तुझा राग आहे का, असे मी ताईला एकदाच विचारले. ती भाकरी थापत होती. तिने वर न बघता सांगितले, "त्या साली बाळाला फडात गोवर निघाला होता. आठ दिवस त्याला मांडीवरून खाली ठेवलं न्हाई. वाचलं." पुढे ती काही बोलली नाही.

ते बाळ आता पंचविशी ओलांडून गेले आहे. त्या संध्याकाळची गोष्ट त्याला अजून कोणी सांगितलेली नाही.