हात दाखवा, गाडी थांबवा : हवाना ते विन्यालेस

क्यूबाची राजधानी हवाना मागे टाकून पश्चिमेकडच्या पिनार देल रियो शहराच्या हमरस्त्याला लागलो तेव्हा सकाळचे आठ वाजले होते. पहिल्याच पुलाखाली पन्नासेक माणसं सावलीला उभी होती. मला वाटलं, अपघात झालाय. जवळ गेल्यावर दिसलं, शाळेच्या गणवेशातल्या मुली, बाळ कडेवर घेतलेली आई, पोत्यावर बसलेले म्हातारबा आणि उघडा केक दोन्ही हातांवर तोलून धरलेला एक माणूस. सगळ्यांच्या पुढे रस्त्याच्या कडेला मोहरीच्या रंगाचा गणवेश घातलेला गृहस्थ, हातात कागद लावलेलं पॅड. त्यानं हात वर केला आणि निळ्या नंबरप्लेटची जीप मुकाट बाजूला आली. दोन शब्द बोलणं झालं, पॅडवर नोंद झाली, आणि केकवाला आणि बाळाची आई आत बसून निघूनही गेले.

हे 'अमारियो', म्हणजे पिवळे. फेब्रुवारी २०१२मध्ये आम्ही दोघं क्यूबात बारा दिवस होतो. तिथलं जे जे पाहिलं, त्यात हा पिवळा माणूस मला सगळ्यात जास्त आठवतो.

१९९१ साली सोव्हिएत संघ कोसळला आणि क्यूबाला स्वस्तात मिळणारं तेल आटलं. अमेरिकेची व्यापारबंदी १९६२पासून होतीच. बस जागच्या जागी उभ्या राहिल्या, चीनमधून सायकली आल्या, आणि ट्रकला जोडलेले, पाठीवर दोन उंचवटे असलेले अजस्र डबे 'उंट' या नावानं माणसं वाहू लागले. त्याच टंचाईत अमारियो आले. तेव्हा निळी प्लेट म्हणजे सरकारी गाडी, आणि सरकारी गाडीत जागा असेल तर तिनं थांबलंच पाहिजे. कुणाला कुठं जायचंय याची यादी अमारियोकडे असते. गरोदर बाई, आजारी माणूस आधी. पैसे अगदी किरकोळ. लिफ्ट मागण्याला तिथं 'बोतेया' म्हणतात, म्हणजे बाटली. अंगठा काढलेली मूठ बाटलीसारखी दिसते, म्हणून म्हणे.

माझं लहानपण वाईजवळच्या एका फाट्यावर एसटीची वाट पाहण्यात गेलं. 'हात दाखवा, एसटी थांबवा' असं लिहिलेलं असायचं, पण भरलेली गाडी धुरळा उडवत निघून जायची आणि आई पदरानं माझं तोंड पुसायची. म्हणून साहेबाच्या गाडीला हात करून तिच्यात खेड्यातली बाई बसवणारा माणूस पाहून माझा गळा भरून आला. हे मनापासून लिहितेय. त्या व्यवस्थेत ही एक गोष्ट न्यायाची होती.

रांगेचंही तसंच. हवानात बससाठी किंवा रेशनच्या दुकानापुढे ओळ धरून कुणी उभं राहत नाही. आल्या आल्या विचारायचं, 'एल उल्तिमो?' शेवटचं कोण? एखादी बाई बोट वर करते. तिच्या मागे आपला नंबर, मग खुशाल सावलीत जाऊन बसा. चाळीस-पन्नास जणांची अशी न दिसणारी रांग मी पाहिली. ती एकदाही मोडली नाही.

पण शहरात दुसराही गणवेश होता. सेंट्रल हवानात जवळपास प्रत्येक नाक्यावर पोलीस. वाहनं तशी थोडीच, कारण २०११पर्यंत सामान्य माणसाला मोकळेपणी विकता-घेता यायच्या त्या फक्त १९५९च्या आधीच्या गाड्या. त्यामुळे पोलिसांची नजर रस्त्यापेक्षा फुटपाथवरच जास्त. आम्ही रोज तिथून जायचो, आम्हाला कुणी हटकलं नाही. थांबवायचे ते तिथल्याच पोरांना, त्यातही काळ्या पोरांना. 'कार्ने!' ओळखपत्र. पोरगं खिशातून कार्ड काढणार, पोलीस ते वॉकीटॉकीवर वाचून दाखवणार, पोरगं भिंतीकडे बघत उभं. १९९७च्या हुकमानंतर परवानगीशिवाय हवानात राहायला येणं बेकायदा ठरलं. देशाच्या पूर्वेकडून आलेल्यांना हवानाकर 'पॅलेस्टिनी' म्हणतात, म्हणजे जणू निर्वासितच. आणि आमच्या घरमालकीणबाई सांगत होत्या की हे पोलीसही बहुतेक पूर्वेकडचेच. आपल्याच गावच्या पोराला 'तू इथं का?' विचारायचं काम त्यांना दिलेलं.

आता त्या हमरस्त्याकडे परत येते. आमची भाड्याची गाडी, तांबडी प्लेट, टी अक्षर. पर्यटकाच्या गाडीला थांबायची सक्ती नाही. पण मागची सीट रिकामी आणि पुलापुलाखाली माणसं, हे आम्हाला बघवेना. तिसऱ्या पुलाखाली नवऱ्यानं ब्रेक दाबला. पांढऱ्या कपड्यातली एक नर्स बसली, रात्रपाळी करून घरी निघालेली. माझं पुण्यात शिकलेलं मोडकंतोडकं स्पॅनिश तिनं फार समजून घेतलं. तिला दोन मुलं. अंडी मिळत नाहीत. भारतात नर्सला पगार किती मिळतो? मी सांगितलं. ती बराच वेळ गप्प बसली.

पुढे चौकी लागली. पोलिसानं गाडी बाजूला घ्यायला लावली. नवऱ्यानं पासपोर्ट पुढे केले, ते त्यानं पाहिलेसुद्धा नाहीत. मागच्या खिडकीवर बोटानं टकटक केलं. नर्सनं ब्लाऊजमधून प्लास्टिकची छोटी पिशवी काढली, पिशवीतून घडी घातलेला रुमाल, रुमालातून कार्ड. कडा झिजून पांढऱ्या पडलेल्या. त्यानं नंबर वहीत उतरवून घेतला. या परदेशी लोकांना कशी ओळखतेस? कुठं बसलीस? पैसे दिलेस की घेतलेस? मी मध्ये बोलायला गेले, तर तिनं मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला. गप्प राहा, असा. आवाज न चढवता तिनं तीच उत्तरं तीनदा दिली. पाच-सात मिनिटं गेली असतील. आपण उपकार करायला गेलो आणि हिचं नाव कुठल्या तरी वहीत घालून आलो, या विचारानं मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गाडी सुरू झाल्यावर तिनं कार्ड पुन्हा रुमालात, रुमाल पिशवीत, पिशवी ब्लाऊजमध्ये ठेवली. 'रोजचंच आहे,' म्हणाली. पिनार देल रियोत शिरताना मात्र घराच्या दोन चौक अलीकडेच उतरली. प्रत्येक गल्लीत १९६०पासून क्रांतिरक्षण समिती आहे, शेजाऱ्यापाजाऱ्यांवर नजर ठेवणारी, आणि तिच्या गल्लीतली समितीवाली बाई दिवसभर दारात खुर्ची टाकून बसते. पर्यटकाच्या गाडीतून उतरताना तिनं पाहायला नको.

विन्यालेस सुंदर आहे. लाल माती, तंबाखूची शेतं, मधूनच उठलेले चुनखडीचे डोंगर. त्यावर वेगळं लिहीन.

चौथ्या दिवशी परत निघालो. पुन्हा कुणाला घ्यावं की नाही यावर आम्हा दोघांत बरीच वादावादी झाली. शेवटी एका पिवळ्या थांब्यावर आम्हीच गाडी उभी केली आणि अमारियोलाच विचारलं. 'त्यांना विचारा,' तो म्हणाला. गवती टोपी घातलेले एक आजोबा पुढे आले. पुढे चौकी आहे, असं मी त्यांना आधीच सांगितलं. त्यांनी मान हलवली, आत बसले, आणि दार लावायच्या आधीच कार्ड काढून मांडीवर ठेवलं.