‘अलाइड’ म्हणजे नेमके कोण?

इंग्रजीतील ‘अलाइड’ या विशेषणाचा अर्थ ‘मित्र’ असा सांगून मोकळे होणे सोपे असले, तरी मैत्री हा त्या शब्दाचा गाभा नव्हे. त्याचे मूळ ‘बांधणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदात आहे. मिश्रधातूसाठी वापरला जाणारा ‘अलॉय’ हा शब्दही तिथूनच आला आहे. त्यामुळे दोन राष्ट्रे ‘अलाइड’ असतात तेव्हा त्यांचे एकमेकांवर प्रेम असेलच असे नाही. ती तहाने किंवा समान उद्दिष्टाने बांधली गेली आहेत, एवढेच त्यातून कळते. दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटन आणि सोव्हिएत संघ यांना कोणी जिवलग म्हणणार नाही, पण ‘अलाइड’ ते निश्चितच होते.

मुत्सद्दी या शब्दाबाबत किती काटेकोर असतात, हे पहिल्या महायुद्धात दिसते. अमेरिका एप्रिल १९१७ मध्ये जर्मनीविरुद्ध युद्धात उतरली खरी, परंतु ब्रिटन आणि फ्रान्स यांच्याशी औपचारिक युती न करता तिने ‘असोसिएटेड’, म्हणजे सहयोगी, हे बिरुद पसंत केले. परिणामी १९१९ च्या व्हर्सायच्या तहात विजेत्यांचा उल्लेख ‘अलाइड अँड असोसिएटेड पॉवर्स’ असा जोडीने आला. मला यात शब्दच्छल दिसत नाही, कारण युतीत शिरणे म्हणजे इतरांच्या उद्दिष्टांनाही बांधून घेणे होय.

या दोन महायुद्धांतील दोस्त राष्ट्रांविषयी लिहिताना आद्याक्षर मोठे असते, इतरत्र लहान. एखाद्या गटाशी हातमिळवणी सांगायची असल्यास पुढे ‘विथ’ येते. मात्र ‘टू’ आले की अर्थ बहुधा नात्याकडे, साधर्म्याकडे झुकतो. भौतिकशास्त्र गणिताला ‘अलाइड’ आहे म्हणताना कोणताही करार अभिप्रेत नसतो. ‘अलाइड हेल्थ’ या संज्ञेत फिजिओथेरपीसारखे वैद्यकाला पूरक असलेले व्यवसाय येतात, आणि तिथे मराठीत ‘संलग्न’ किंवा ‘संबद्ध’ म्हणणेच योग्य. ‘मित्र’ म्हटले तर हसे होईल.

‘अलाइन्ड’शी होणारी गल्लत अधिक घातक आहे. त्या शब्दात रेषा आहे, बंधन नाही: लेखी करार न करताही एखादा देश महासत्तेच्या रांगेत उभा राहू शकतो. १९६१ मध्ये बेलग्रेडला जमलेल्या राष्ट्रांनी ‘नॉन-अलाइन्ड’ हे विशेषण धारण केले, त्यात लष्करी करार नाकारण्याबरोबरच ही रांगही नाकारलेली होती.