तुम्ही विचारलंत म्हणून: पेशंट सोडून त्या बैठकीला कशाला जाता?

महिन्यातून एक पूर्ण दिवस आमच्या व्यसनमुक्ती केंद्रातील समुपदेशक पेशंटना भेटत नाहीत. त्या दिवशी आसपासच्या जिल्ह्यांतील काही केंद्रांचे लोक एकत्र बसतात. प्रत्येकाने आपली एखादी अडलेली केस मांडायची आणि कोणा एकाने नुकताच वाचलेला शोधनिबंध मराठीत समजावून सांगायचा, असा रिवाज आहे. त्या दिवशी लांबून आलेल्या नातेवाइकांची फेरी फुकट जाते आणि मग प्रश्न येतो, “ताई, दारू सोडवण्यात आता आणखी शिकण्यासारखं काय उरलंय?” विश्वस्तांच्या सभेत हाच प्रश्न थोड्या सभ्य शब्दांत आणि खर्चाच्या आकड्यासह येतो. सर्वांत जास्त लागतो तो मात्र सहकाऱ्यांकडून आलेला. त्यांच्यापैकी बरेच जण स्वतः व्यसनातून बाहेर आलेले आहेत, आणि “ज्यानं भोगलंय त्याला पुस्तक कशाला?” असे त्यांनी म्हटले की माझ्या समाजकार्याच्या पदवीला बोलायला जागा उरत नाही. इतकी वर्षे मी हसून विषय बदलत आले. आता एकदा सविस्तर उत्तर देते, म्हणजे पुन्हा विचारणाऱ्याला हेच वाचायला देता येईल.

तुमच्या आक्षेपात खरे किती आहे, ते आधी मान्य करते. मोठ्या परिषदांत शिकण्यापेक्षा दिखावाच जास्त असतो असे तुम्ही म्हणता, ते मी स्वतः पाहिले आहे. महाराष्ट्र वैद्यक परिषदेची नोंदणी चालू ठेवण्यासाठी डॉक्टरांना अशा कार्यक्रमांना हजेरी लावून पाच वर्षांत ३० श्रेयांक मिळवावे लागतात, त्यामुळे सभागृहातील काही खुर्च्या केवळ सहीपुरत्या भरतात. समुपदेशकाला असे काही बंधन नाही, म्हणून त्याला पाठवण्याची कोणाला निकडही वाटत नाही. रात्रपाळीत थरथरणाऱ्या, भास होणाऱ्या पेशंटजवळ जो बसतो, त्याचे नाव प्रतिनिधींच्या यादीत सहसा नसते. व्याख्याने इंग्रजीत असतात, निबंध पैसे भरल्याशिवाय उघडत नाहीत आणि जेवणाच्या रांगेत नोकरीच्या चौकशा अधिक होतात. हे सगळे खरे आहे. पण मी ज्या बैठकीसाठी भांडते ती सतरंजीवर बसून होते, आणि तिथे जेवणाचा डबा आपापला असतो.

माझे म्हणणे असे की या कामात अनुभव माणसाला फसवतो, आणि अनुभव जितका जुना तितका अधिक विश्वासाने फसवतो. आमच्याकडे परत कोण येते ते पाहा. ज्याने वर्षभर दारूला हात लावला नाही तो आपला सोबर वाढदिवस साजरा करायला पेढे घेऊन येतो, व्यासपीठावरून बोलतो, त्याची बायको रडते आणि आम्हीही रडतो. जो पुन्हा पिऊ लागला आणि घरच्यांनी उचलून आणला तो दुसरा. या दोघांच्या मधले आम्हाला दिसतच नाहीत: जे मेले, जे कर्नाटकात ऊसतोडीला गेले, जे आमच्याशिवायच सुधारले, जे अर्ध्यावर पळाले आणि पुन्हा कोणाचीही मदत घेण्याच्या वाटेला गेले नाहीत. पॅट्रिशिया आणि जेकब कोहेन या संशोधकांनी १९८४ साली हाच दोष दुसऱ्या टोकाकडून दाखवला होता. डॉक्टरांसमोर दीर्घकाळ आजारी असलेलेच वारंवार येत असल्यामुळे आजार आहे त्यापेक्षा अधिक चिवट वाटू लागतो, असे त्यांचे म्हणणे. आमच्याकडे पेढे आणणाऱ्यांमुळे एक भ्रम आणि पुन्हा दाखल होणाऱ्यांमुळे दुसरा, असे दोन्ही भ्रम एकाच इमारतीत राहतात आणि दिवसानुसार आम्ही कधी या, कधी त्या भ्रमात असतो.

आता ती गोष्ट, जी मी आजवर फक्त बैठकीतल्या लोकांनाच सांगितली आहे.

आमच्या माहितीपत्रकावर ‘शंभरातील सत्तर रुग्ण वर्षानंतरही व्यसनमुक्त’ असे छापलेले असे. आकडा खोटा नव्हता. पाठपुराव्याच्या फोनवरून तो काढलेला होता, आणि पुष्कळ ठिकाणी तो असाच काढतात. बैठकीत माझी पाळी आली तेव्हा मी तो फळ्यावर लिहिला. समोर एक वयस्क मनोविकारतज्ज्ञ बसले होते. त्यांनी विचारले, “ज्यांचे फोन लागले नाहीत ते कुठे धरलेत?” ते धरलेच नव्हते. मी जरा तोऱ्यात म्हणाले की ज्यांची माहितीच नाही त्यांना कशात धरणार? त्यावर त्यांनी अगदी मवाळपणे दुसरा प्रश्न केला, “आणि ज्यांचे लागले, त्यांच्या घरी फोन उचलला कोणी?” मला राग आला. खेड्यापाड्यांत पंधरा-पंधरा वेळा फोन लावणाऱ्या आमच्या विद्यार्थिनींच्या श्रमांवर कोणी पुण्या-मुंबईच्या थाटात शंका घेतो आहे असे वाटले. (ते गृहस्थ पुण्या-मुंबईचे नव्हते, हे नंतर कळले.) रागाच्या भरातच मी यादीतील घरोघर जाऊन पडताळणी करण्याचे जाहीर केले, आणि आमचे ज्येष्ठ समुपदेशक काका माझ्याबरोबर यायला तयार झाले. काका एसटीत चालक होते. दारूपायी नोकरी जाता जाता वाचली होती आणि त्यानंतर त्यांनी दारूला स्पर्श केलेला नाही. आकडा खरा ठरणार याची त्यांना माझ्यापेक्षा जास्त खात्री होती.

एका तालुक्याच्या गावी आम्ही ज्या घरी गेलो, ते यादीत ‘सोबर’ होते. तीनही वेळा फोन लागला होता, तीनही नोंदी एकसारख्या: पत्नीशी बोलणे झाले, घरी बरे चालले आहे. दार त्या बाईंनीच उघडले. ओटीवर शिलाई यंत्र, शेजारी कापडांचा ढीग, भिंतीवर नवऱ्याचा फोटो आणि त्याला हार. काकांनी चप्पल काढता काढता फोटो पाहिला आणि ते तसेच एका पायावर थांबले. केंद्रातून घरी आल्यावर दुसऱ्याच महिन्यात बाईंच्या नवऱ्याने पुन्हा प्यायला सुरुवात केली होती. पुढे पोटात पाणी झाले आणि एका रात्री रक्ताच्या उलट्या होऊन ते गेले. आमच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या फोनच्या वेळी ते हयात नव्हते.

मी विचारले, “मग तुम्ही फोनवर सांगितलं का नाहीत?” त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की प्रश्न विचारल्याचा मला पश्चात्ताप झाला. “तुमच्या मुलीनं विचारलं, घरी आता कसं चाललंय. बरं चाललंय म्हणाले. बरंच चाललंय.” मग थोड्या वेळाने, यंत्रावरचे कापड सारखे करत, “घरी नेताना तुम्हीच म्हणाला होतात, घरातलं वातावरण चांगलं ठेवा, कटकट करू नका. परत प्यायला लागले तेव्हा वाटलं, तुम्ही म्हणाल, हिनंच काहीतरी केलं असेल.” त्यांनी चहा केला. आम्ही तो घेतला, कारण न घेणे अधिक वाईट दिसले असते. त्यांच्या सासूबाई आतल्या खोलीतून एकदाही बाहेर आल्या नाहीत.

मला आजही या घटनेची सफाई देण्याचा मोह होतो. प्रश्न नाजूकपणे विचारावा म्हणून ‘घरी कसे चालले आहे’ असे शब्द मुद्दाम योजलेले होते. ‘पितात का?’ असे थेट विचारले आणि नवरा शेजारीच बसलेला असला, तर बाईला त्याचा त्रास होतो, हे खरे आहे. कुटुंबाला कटकट टाळायला सांगणे हेही आमचे एकटीचे खूळ नाही. प्रत्येक गोष्टीमागे कारण होते, आणि सगळी कारणे मिळून एक मेलेला माणूस आमच्या माहितीपत्रकावर यशस्वी म्हणून मिरवत होता.

त्यानंतर आम्ही उरलेली घरेही पाहिली. सत्तरचा आकडा निम्म्याच्याही खाली आला, हे तुमच्या लक्षात आलेच असेल. पण ज्यांचे फोन लागत नव्हते त्यांच्यात काही उत्तम सुधारलेले पेशंट निघाले: जुन्या पिणाऱ्या मित्रांनी शोधू नये म्हणून त्यांनी सिमकार्डच बदलून टाकले होते, आणि त्यांतल्या एकाने “वर्षभर कोणी चौकशी केली नाही” म्हणून आम्हालाच फैलावर घेतले. म्हणजे आमचा आकडा एकाच बाजूला चुकलेला नव्हता.

पुढच्या बैठकीत आम्ही हे सारे मांडले. बहुतेक जण पहिल्या तीन महिन्यांतच पुन्हा पिऊ लागले होते, हा आमचा मोठा शोध होता. त्यावर एका तरुण डॉक्टरने हंट आणि सहकाऱ्यांचा १९७१ सालचा निबंध समोर ठेवला. दारू, हेरॉइन आणि तंबाखू या तिन्हींच्या बाबतीत उपचारानंतर पुन्हा व्यसनाकडे वळणाऱ्यांचा आलेख जवळजवळ सारखाच दिसतो. पहिल्या ९० दिवसांत सुमारे दोन तृतीयांश लोक घसरतात आणि मग उतार मंदावतो. आम्ही एसटीने गावोगाव हिंडून जे मिळवले ते पन्नासेक वर्षांपूर्वी छापलेले होते. आमचा पहिला फोन मात्र तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस जात असे. आता तो पहिल्या पंधरवड्यात जातो, दुसऱ्या महिन्यात कोणीतरी घरी जाते आणि पेशंटशी स्वतः बोलल्याशिवाय नोंद होत नाही. यामुळे किती जण वाचले असे विचाराल तर उत्तर देण्याइतके दिवस अजून झालेले नाहीत.

“भोगलेल्याला पुस्तक कशाला” याचे उत्तर मात्र एवढ्याने होत नाही. मी या कामात आले तेव्हा मला शिकवले गेले की पेशंटचा नकार ही भिंत असते आणि ती फोडावी लागते. गटात त्याला मध्ये बसवायचे, सगळ्यांनी त्याचे खोटे बाहेर काढायचे, तो रडला की उपचार सुरू झाला. मी हे मन लावून केले आणि नव्यांनाही शिकवले. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर आणि सहकाऱ्यांचा १९९३ सालचा अभ्यास बैठकीत वाचला गेला तेव्हा मी अस्वस्थ झाले: समुपदेशक जितका अंगावर जाई, तितके पेशंटचे पिणे वर्षभरानंतर अधिक आढळले होते. काका ऐकत होते. ते म्हणाले, “मॅडम, मला असंच फोडलं होतं. म्हणून मी वाचलो.” त्यांचे म्हणणे खोटे नाही. पण त्या गटातून उठून जे गेले आणि पुन्हा आले नाहीत, ते हे सांगायला सतरंजीवर नसतात. हे मी काकांना बोलून दाखवले तेव्हा ते म्हणाले, “आणि तुमच्या अमेरिकेतल्या निबंधात मी नसतो.” यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते, आजही नाही. शिवाय अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या, दारू सोडू पाहणाऱ्यांनीच एकमेकांना आधार देण्यासाठी चालवलेल्या त्यांच्या गटाच्या ज्या मीटिंगना मी मनातल्या मनात भजनी मंडळ समजत असे, त्यांच्या मार्गाने नेणाऱ्या उपचारांबद्दल २०२० साली २७ अभ्यासांचा एक मोठा आढावा आला. दारूपासून पूर्ण दूर राहण्याच्या बाबतीत ते इतर रूढ उपचारांच्या बरोबरीचे किंवा सरस ठरले. तो निबंध काकांनी स्वतः बैठकीत सांगितला, आणि सांगताना माझ्याकडेच पाहत होते.

मग गोव्याचे उदाहरण. संगाथ या संस्थेने तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत मानसशास्त्राची पदवी नसलेल्या माणसांना प्रशिक्षण देऊन, धोकादायक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांना फार तर चार भेटींत समुपदेशन केले. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के धोक्याच्या पातळीखाली आले. फक्त नेहमीची सेवा मिळालेल्यांपैकी २६ टक्के. हे मी विश्वस्तांना सांगितले तेव्हा एक जण हसून म्हणाले, “दहाच टक्क्यांसाठी एवढं?” ते पुरुष आमच्या वॉर्डातल्यांइतके खोल गेलेले नव्हते, त्यामुळे तो आकडा आमच्याकडे जसाच्या तसा लागू करता येत नाही, हेही मी तेव्हाच सांगितले, आणि माझी बाजू आणखी लंगडी झाली. पण नेहमीच्या सेवेतलेही २६ टक्के खाली आलेले आहेत, हा आकडा माझ्या मनातून जात नाही. पेढे घेऊन येणाऱ्यांपैकी कितीजण आमच्यामुळे सुधारले आणि कितीजण एरवीही सुधारलेच असते, हे कोणी आम्हाला विचारलेले नाही.

या प्रयोगातली दुसरी गोष्ट मला आकड्यांहून मोलाची वाटते. ते समुपदेशक आपली सत्रे ध्वनिमुद्रित करत आणि एकमेकांची ऐकून ठरलेल्या निकषांवर गुण देत. आमच्याकडे हे सुरू करावे म्हणून माझी खटपट चालू आहे आणि विरोध जोरात आहे. पेशंटचे गुपित यंत्रात कसे ठेवायचे, हा आक्षेप रास्त आहे. त्याची लेखी संमती आणि ऐकून झाल्यावर ध्वनिमुद्रण पुसणे यावर सध्या बोलणे चालू आहे. बाकीचा विरोध साधा आहे: बंद दाराआड आपण काय बोलतो ते दुसऱ्याने ऐकावे, हे कोणालाच नको असते, मलाही नको असते. माहितीपत्रकाचाही निकाल लागलेला नाही. विश्वस्तांना आकडा हवा, मी नवा आकडा दिला तर त्यांना तो छापवत नाही, आणि शेजारच्या तालुक्यात ‘नव्वद टक्के खात्री’ असा फलक लागल्यापासून तुमच्यापैकी काही जण आपला पेशंट तिकडे घेऊन गेले आहेत. तुम्हाला थांबवण्याजोगे काहीही माझ्या हातात नाही.

काकांनी अखेर ध्वनिमुद्रणाला होकार दिला, पण एका अटीवर. पहिले सत्र माझे ऐकायचे आणि गुण त्यांनी द्यायचे. पेशंट किती वेळ बोलला आणि मॅडम किती वेळ बोलल्या, हे घड्याळ लावून मोजणार असल्याचे त्यांनी आताच सगळ्यांना सांगून ठेवले आहे.