तुम्ही विचारलंत म्हणून: अणुअभियांत्रिकीचा विभागप्रमुख शोधायला वर्ष का जाते?

पुण्या-मुंबईकडे शिकवणारे मित्र आणि नात्यातील जाणती माणसे मला एक प्रश्न हमखास विचारतात. विभागात इतके ज्येष्ठ प्राध्यापक असताना अमेरिकेतील विद्यापीठे अणुअभियांत्रिकीचा विभागप्रमुख बाहेर का शोधत बसतात, आणि एका माणसाची नेमणूक करायला वर्ष कसे लागते? आपल्याकडे अनेक विद्यापीठांत ज्येष्ठतेनुसार आळीपाळीने विभागप्रमुखपद येते, मुदत संपली की पुढच्याकडे जाते आणि त्याची फारशी चर्चाही होत नाही. त्या सवयीतून हा प्रश्न येणे स्वाभाविक आहे. अशा निवड समित्यांवर मी बसलो आहे, म्हणून उत्तर सविस्तर देतो. जाहिरात देणे, अर्ज वाचणे, मुलाखती घेणे ही कामे चार महिन्यांत उरकतात. उरलेला वेळ, विभागाला पुढची दहा वर्षे काय व्हायचे आहे यावर आपसांत एकमत होण्यात जातो, आणि ते एकमत पुष्कळदा उमेदवार समोर येऊन बसल्यावरच घडू लागते.

पहिली अडचण माणसांच्या संख्येची आहे. १९७९ मध्ये अमेरिकेतील थ्री माइल आयलंड या अणुवीज केंद्राचा आणि १९८६ मध्ये चेर्नोबिलचा अपघात झाला. नव्या प्रकल्पांचे काम त्याआधीच मंदावले होते, त्यानंतर विद्यार्थीही या विषयाकडे पाठ फिरवू लागले. काही विभाग बंद झाले, काही यंत्र अभियांत्रिकीत विलीन झाले, आणि जे टिकले त्यांनी वर्षानुवर्षे नवे प्राध्यापक फारसे घेतले नाहीत. त्याचा हिशेब आज चुकता होतो आहे. विभागप्रमुख व्हायला जे वय आणि जो अनुभव लागतो, नेमक्या त्याच पिढीत माणसे कमी आहेत. त्यांच्या मागची, दोन हजार सालानंतरच्या उभारीत आलेली पिढी मोठी आहे, पण तिच्या प्रयोगशाळा आत्ता भरात आहेत आणि संशोधन बाजूला ठेवून अंदाजपत्रकाच्या बैठकांना जायला ती सहसा तयार नसते.

जे तयार असतात त्यांना इतर ठिकाणांहूनही बोलावणी असतात. पेन स्टेट विद्यापीठात अणुअभियांत्रिकी बरीच वर्षे यंत्र अभियांत्रिकीशी जोडलेली होती. २०१९ मध्ये तिचा स्वतंत्र विभाग झाला आणि त्याचे पहिले प्रमुख इलिनॉय विद्यापीठातून आणले गेले. २०२३ मध्ये ते अमेरिकी सरकारच्या ऊर्जा विभागाच्या संलयन (अणुकेंद्रके एकत्र जोडून मिळणारी) ऊर्जा कार्यालयाचे प्रमुख म्हणून वॉशिंग्टनला गेले आणि पेन स्टेटला पुन्हा नव्या प्रमुखाची गरज पडली. यात कोणाचा दोष नाही. चांगला विभागप्रमुख निवडला की तो इतरांनाही हवासा वाटतो, एवढेच.

दुसरी अडचण विभागाच्या आतली. बाहेरून ‘अणुअभियांत्रिकी’ हा एकच विषय दिसतो, पण पंधरा-वीस प्राध्यापकांच्या विभागात न्यूट्रॉनांचे गणित करणारे, उष्णता आणि द्रवप्रवाहाचा अभ्यास करणारे, किरणोत्साराने झिजणाऱ्या धातूंवर काम करणारे, अण्वस्त्रप्रसार रोखण्यासाठी किरणशोधक बनवणारे, प्लाझ्मा आणि संलयनवाले, आणि काही ठिकाणी रुग्णालयातील किरणोपचारांशी संबंधित वैद्यकीय भौतिकीचे लोक असे सगळे एका छपराखाली असतात. प्रत्येक गटाला प्रमुख आपल्यातला हवा असतो. हल्ली खासगी भांडवल संलयनाकडे वळल्यामुळे आणि लहान अणुभट्ट्यांच्या कंपन्यांमुळे विखंडनवाल्यांनाही, म्हणजे अणुकेंद्रक फोडून ऊर्जा मिळवणाऱ्यांनाही, सुगी आल्यामुळे ही ओढाताण वाढली आहे. म्हणूनच निवड समितीचे अध्यक्षपद अनेकदा दुसऱ्याच विभागाच्या प्रमुखाकडे दिले जाते. मी पाहिलेल्या समित्यांत हा परका अध्यक्षच सर्वांत उपयोगी ठरला, कारण ‘हे मला समजले नाही, पुन्हा सांगा’ असे तो निःसंकोच म्हणू शकत असे.

आता अणुभट्टीकडे येतो, कारण इतर कोणत्याही विभागाच्या शोधात हा मुद्दा नसतो. भारतातील संशोधन अणुभट्ट्या अणुऊर्जा विभागाच्या ताब्यात आहेत. ट्रॉम्बेची ‘अप्सरा’ १९५६ मध्ये सुरू झाली ती त्याच व्यवस्थेत, आणि अणुअभियंते घडवण्याचे कामही १९५७ पासून तेथील प्रशिक्षणशाळेने प्रामुख्याने उचलले. अमेरिकेत मात्र नॉर्थ कॅरोलिना स्टेटने १९५३ मध्ये आणि पेन स्टेटने १९५५ मध्ये स्वतःच्या आवारात अणुभट्ट्या चालू केल्या आणि पुढे अनेक विद्यापीठांनी तेच केले. त्यांपैकी साधारण पंचवीस आज चालू आहेत. त्यांची क्षमता वीजप्रकल्पाच्या मानाने नगण्य असते. पेन स्टेटची अणुभट्टी एक मेगावॉटची आहे, आणि विद्यापीठांतील सर्वांत मोठी, मिझुरीची, दहा मेगावॉटची. परंतु परवाना न्युक्लिअर रेग्युलेटरी कमिशन या अमेरिकी सरकारच्या अणुनियामक संस्थेचाच लागतो, तपासनीस येतात, चालकांना वेगळी परीक्षा द्यावी लागते, आणि परवान्याच्या कागदपत्रांत जबाबदारीची उतरंड लिहिलेली असते. तिच्या सर्वांत वरच्या पायरीवर, ज्याला ‘लेव्हल वन’ म्हणतात, कोठे विद्यापीठाचे अध्यक्ष असतात, कोठे डीन, तर कोठे विभागप्रमुख. या पायरीवरील माणूस बदलला की सहसा ३० दिवसांत कमिशनला लेखी कळवावे लागते. विद्यापीठातील अन्य कोणत्या विभागप्रमुखाच्या बदलीची दखल केंद्र सरकारची नियामक संस्था घेत असेल असे मला वाटत नाही.

म्हणून उमेदवाराला मी एकच प्रश्न आवर्जून विचारतो: अणुभट्टीचे काय करणार? इंधन अमेरिकी ऊर्जा विभागाकडून मिळते, पण चालकांचे पगार, सुरक्षा, जुनी नियंत्रणयंत्रणा बदलण्याचा खर्च यांचा मोठा वाटा विद्यापीठावर पडतो, आणि टंचाईच्या वर्षी प्रत्येक डीनची नजर तेथे जाते. दोन्ही प्रकारची उदाहरणे समोर आहेत. बर्कलीची अणुभट्टी १९८७ मध्ये आणि मिशिगनची २००३ मध्ये बंद झाली, तरी दोन्ही विभाग देशातील अग्रगण्य विभागांत गणले जातात. व्हर्जिनिया विद्यापीठाची अणुभट्टी १९९८ मध्ये बंद झाली आणि तेथे अणुअभियांत्रिकीचा स्वतंत्र विभागही उरला नाही. ‘अणुभट्टी हा आमचा अभिमान आहे’ असे म्हणणारा उमेदवार मला पुरेसा वाटत नाही. आठवड्यात ती किती तास चालते, तिच्यावर बाहेरचे कोण काम करते, त्यातून किती पैसा येतो आणि तुमचा डीन तिच्याविषयी खासगीत काय बोलतो, असे जो आम्हालाच उलट विचारतो, त्याने हे काम ओळखलेले असते.

राष्ट्रीय प्रयोगशाळांतून येणाऱ्या अर्जांविषयी वेगळे सांगायला हवे. ओक रिज, आयडाहो, अरगॉन येथील वरिष्ठ मंडळी शेकडो लोकांचे कार्यक्रम सांभाळतात, वॉशिंग्टनमध्ये त्यांच्या ओळखी असतात, सुरक्षेचे नियम त्यांच्या अंगवळणी पडलेले असतात. अडचण टेन्युअरची येते. विभागप्रमुख येताच त्याला कायम प्राध्यापकपद द्यायचे असते आणि त्यासाठी प्राध्यापक मते देतात. ज्याने एकही पीएच.डी. विद्यार्थी घडवला नाही आणि दुसऱ्या वर्षाच्या मुलांना कधी शिकवले नाही, त्याला पूर्ण प्राध्यापक कसे करावे, हा त्यांचा आक्षेप असतो. मला तो बऱ्याच वेळा अवाजवी वाटतो. शिकवणे चांगल्या माणसाला दोन वर्षांत जमते. परवान्याची जबाबदारी शांतपणे पेलणे तितक्या लवकर जमत नाही.

शेवटच्या तीन-चार उमेदवारांना दोन दिवस बोलावतात. व्याख्यान, प्राध्यापकांच्या भेटी, डीनबरोबर जेवण, विद्यार्थ्यांबरोबर तासभर चहा-कॉफी. यांत विद्यार्थ्यांची आणि अणुभट्टीच्या चालकांची मते मी सर्वांत बारकाईने वाचतो, कारण त्यांच्यासमोर उमेदवार जरा सैल बोलतो. शिफारसपत्रांचे महत्त्व मात्र मर्यादित असते. हे क्षेत्र इतके लहान आहे की देशभरच्या विभागप्रमुखांची स्वतःची संघटना आहे आणि तिच्यातले सगळे एकमेकांना नावानिशी ओळखतात. तेथे कोणी कोणाविरुद्ध लिहीत नाही, फोनवर मात्र बोलतात.

निवड झाल्यावरही दोन महिने वाटाघाटीत जातात. नव्या प्राध्यापकांच्या किती जागा, प्रयोगशाळेला किती रक्कम आणि जोडीदाराला त्याच गावात कोणते काम, हे ठरल्याशिवाय शहाणा माणूस होकार देत नाही. मोठी विद्यापीठे पुष्कळदा छोट्या गावांत असल्याने शेवटच्या मुद्द्यावर बोलणी फिसकटतात आणि प्रभारी प्रमुखाची मुदत आणखी एका वर्षाने वाढते.

मुंबई-पुण्याकडचे तरुण संशोधक याला जोडून विचारतात की भारतातून थेट अर्ज करता येतो का. जाहिरातीत सहसा आडकाठी नसते, पण अणुतंत्रज्ञान परदेशी नागरिकांना देण्याविषयीचे ‘भाग ८१०’ नावाचे अमेरिकी नियम आहेत. ज्या देशांना त्यांत सरसकट मोकळीक आहे त्यांच्या यादीत भारत नाही, त्यामुळे काही विषयांच्या माहितीसाठी स्वतंत्र परवानगी घ्यावी लागते. ग्रीन कार्ड असलेल्यांना हे बंधन लागू होत नाही. म्हणून जे भारतीय या पदापर्यंत पोहोचायचा विचार करतात, त्यांनी आधी तेथे प्राध्यापक व्हावे, आणि कागदपत्रे पूर्ण झाल्यावर अणुभट्टीच्या सुरक्षा समितीवर बसायची संधी मिळाली तर ती सोडू नये, असे मी त्यांना सांगतो; निवड समितीत अर्ज वाचताना त्या एका ओळीवर माझे बोट थांबते.