एल्समिअर ते लँगॉलन: नॅरोबोटीची वाट आणि वाटेवरच्या कुरबुरी

श्रॉपशायरमधल्या एल्समिअर गावापासून वेल्समधल्या लँगॉलनपर्यंत कालव्यानं अंतर साधारण 30 किलोमीटर आहे. भाड्याच्या नॅरोबोटीनं (राहायची सोय असलेली लांब, अरुंद बोट) जाताना दहा ते बारा तास धरावेत, येताना थोडे कमी लागतात. वाटेत लॉक, म्हणजे बोटीला एका पातळीवरून दुसरीवर नेणारे दरवाजांचे हौद, दोनच, पण दोन मोठे जलसेतू (दरीवरून कालवा नेणारे पूल), दोन बोगदे आणि एका वेळी एकच बोट जाईल असे लांबलचक अरुंद तुकडे. बर्मिंगहॅम, मँचेस्टरकडची मराठी कुटुंबं मुलांच्या सुट्टीत हाच कालवा निवडतात ते बरोबरच आहे. फक्त हा ब्रिटनमधल्या सर्वात गजबजलेल्या कालव्यांपैकी एक आहे, त्यामुळे इथे कुरबुरीही भरपूर ऐकू येतात: भाड्याच्या बोटी जोरात जातात, मालकीच्या बोटवाल्यांना उगाच ओरडायची सवय आहे, कोणी पाण्याच्या नळापाशी बोट बांधून जेवायला जातं, कोणी लॉकचे दरवाजे उघडे टाकून निघून जातं. यातली जवळजवळ प्रत्येक तक्रार पाण्याच्या वागण्याशी येऊन थांबते. ते वागणं आधी समजून घेतलं, तर बहुतेक वाद होतच नाहीत.

पहिली गोष्ट, हे पाणी वाहतं. बाकीच्या कालव्यांसारखं ते साठून उभं नसतं. लँगॉलनच्या थोडं वर डी नदीवर अभियंता टॉमस टेलफर्डनं बांधलेला हॉर्सशू फॉल्स हा अर्धवर्तुळाकार बंधारा आहे. 1808 पासून त्यातून कालव्यात पाणी येतं आणि ते पार दुसऱ्या टोकाच्या हर्लस्टनच्या जलाशयापर्यंत जातं, तिथून पिण्यासाठी पुरवलं जातं. 1944 मध्ये कालव्याची मालकी असलेल्या रेल्वे कंपनीनं कायदा करून घेऊन या कालव्यावरची वाहतूक अधिकृतपणे बंद केली, तरी कालवा बुजवला गेला नाही तो या पाणीपुरवठ्यामुळेच. म्हणजे आपण ज्या प्रवाहाला वैतागतो त्यानंच हा कालवा वाचवला. व्यवहारात याचा अर्थ असा की लँगॉलनकडे जाताना तुम्ही प्रवाहाविरुद्ध असता. रुंद भागात ते जाणवत नाही. बोगद्यात, जलसेतूवर आणि शेवटच्या अरुंद तुकड्यात मात्र बोट एकदम जड झाल्यासारखी वाटते.

अशा वेळी नवा माणूस थ्रॉटल (इंजिनाच्या वेगाचा दांडा) पुढे ढकलतो, आणि नेमकं तिथेच चुकतं. कालवा उथळ आहे. बोट पुढे जाताना तिनं बाजूला सारलेलं पाणी बोटीच्या कडेनं आणि खालून मागे यावं लागतं. जागा कमी असली की ते पुरेसं येत नाही, मागचं टोक खाली बसतं, बोट ढकलणाऱ्या पाण्याखालच्या पंख्याला (प्रोपेलरला) पाणी कमी पडतं. इंजिनाचा आवाज वाढतो, मागे गढूळ लाट उठते, पण वेग वाढत नाही. काठावर लाट फुटताना दिसली की थ्रॉटल कमी करा. बऱ्याचदा बोट उलट मोकळी होऊन बरी चालायला लागते. कालव्यावरची वेगमर्यादा ताशी 4 मैल आहे, पण इथे तो वेग गाठण्यासारखी जागा फारच थोडी. तीनच्या आतबाहेर हिशेब धरून दिवस आखा.

बांधलेल्या बोटींपाशी वेग कमी करण्यावरून सगळ्यात जास्त ओरडा होतो. मागे वाहणारं पाणी बांधलेल्या बोटीला आधी एका दिशेला ओढतं, मग उलट ढकलतं. दोर सैल असतील तर बोट हेलकावते, चुलीवरचं भांडं सरकतं, मऊ काठात ठोकलेले खुंटे उपटून येतात. उपाय सोपा आहे, पण तो वेळेवर करावा लागतो. पहिल्या बोटीच्या तीन-चार बोटी आधीच थ्रॉटल अगदी खाली आणा. बोटीशेजारी पोचल्यावर कमी केलं तर तुमची लाट तुमच्या आधीच तिथे पोचलेली असते. रांगेतली शेवटची बोट पूर्ण मागे पडेपर्यंत तसंच राहा.

आमचं स्पष्ट मत असं की यात दोष दोन्हीकडे असतो. पुढून आणि मागून एकेकच दोर सरळ काठाकडे टाकून बांधलेली बोट कोणाच्याही जाण्यानं हलणार. दोर काठाला काटकोनात न घेता साधारण 45 अंशात बाहेरच्या बाजूला न्यावेत, आणि जास्त रहदारीच्या जागी मधून उलट दिशेला तिरपे जाणारे आणखी दोन दोर घालावेत, म्हणजे बोट पुढेमागे सरकत नाही. काठाला लोखंडी पत्रा ठोकलेला असेल तर त्याच्या मागे अडकवायचे हुक वापरा, खुंट्यांपेक्षा ते कितीतरी भरवशाचे. खुंटे ठोकावेच लागले तर ते ओढीच्या उलट झुकवून ठोका आणि त्यांवर उजळ रंगाची पिशवी किंवा फडकं बांधा, नाहीतर संध्याकाळी पायवाटेवरचा सायकलवाला त्यांत अडखळतो. छताच्या मधल्या कडीचा दोर बोट थांबवताना हाती धरायचा असतो, रात्रभर त्यावर बोट बांधली तर ती कलंडते.

एल्समिअरहून निघण्यापूर्वी गावात शिरणाऱ्या छोट्या फाट्याच्या टोकाशी सुपरमार्केट आहे. दूध, भाजी, पिठं तिथेच भरून घ्या. मसाले, डाळी आणि छोटा कुकर घरून न्या. स्वयंपाकघर गॅसवर चालतं, पोहे, खिचडी, पिठलं-भाकरी सगळं होतं. पण सिंकचं पाणी सरळ कालव्यात जातं, म्हणून तळणाचं तेल आणि फोडणीचं तळ सिंकमध्ये ओतू नका, कागदानं पुसून कचऱ्यात टाका. फोडणीच्या धुरानं अलार्म वाजला तर खिडकी उघडा. कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मची बॅटरी काढणं किंवा दारांतली हवेची भोकं कापडानं बंद करणं जीवावर बेतू शकतं. मिक्सर आणि मायक्रोवेव्ह इन्व्हर्टरवर चालतात, ते इंजिन चालू असताना वापरा, नाहीतर सकाळी बॅटरी बसलेली सापडते. दुसऱ्या बोटींशेजारी बांधलेलं असताना रात्री 8 ते सकाळी 8 इंजिन किंवा जनरेटर चालवायचा नसतो. म्हणून चटणी वाटून घ्यायची ती दुपारीच.

संडासाचा विषय बोटवाल्यांमध्ये कधीच संपत नाही. एक पक्ष मोठ्या टाकीचा, जी पैसे देऊन पंपानं उपसून घ्यावी लागते. दुसरा पक्ष काढून नेता येणाऱ्या डब्याचा, जो ठरलेल्या जागी स्वतः रिकामा करायचा. आठवड्यासाठी भाड्यानं घेताना चार जणांना टाकीची बोट बरी, कारण डबा भरायला दोन-तीन दिवस पुरतात आणि रिकामा करायची जागा दर गावात नसते. कोणत्याही प्रकारात ओले वाइप्स आत टाकू नका. त्यांनी पंप तुंबतो आणि दुरुस्तीचा खर्च बहुधा भाडेकरूवर येतो. पाण्याची टाकी मात्र नळ दिसला की भरा, नळीतून पाणी येत असताना जागेवरच थांबा आणि भरली की बोट हलवा. नळापाशी बोट बांधून गावात जाणाऱ्याबद्दल लोक जे बोलतात ते योग्यच बोलतात.

रोज सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी तेलाची पट्टी आणि कूलंट बघा. संध्याकाळी बंद केल्यावर, पंख्याच्या दांड्याला ग्रीस देणारी फिरवायची टोपी असेल तर कंपनीनं सांगितलं तेवढी फिरवा, म्हणजे तिकडून पाणी आत झिरपत नाही. वाटेत बोट थरथरायला लागली, वेग पडला, मागे पाणी नीट फेकलं जाईना, तर पंख्यात गवत, दोर किंवा प्लास्टिक अडकलंय. काठाला बांधा, इंजिन बंद करा आणि किल्ली काढून खिशात ठेवा. मग मागच्या डेकखालचं पंख्यावरचं झाकण उघडून हातानं किंवा सुरीनं कचरा काढा. झाकण परत घट्ट बसवून, हलवून पाहिल्याशिवाय इंजिन सुरू करू नका. ते सैल राहिलं तर पंखा कालव्याचं पाणी बोटीत फेकतो, आणि यात बोटी बुडालेल्या आहेत.

सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे वळते, हे अर्ध्या तासात अंगवळणी पडतं. अवघड जातं ते थांबवणं. ब्रेक नसतो, रिव्हर्स टाकून थांबवायचं, आणि रिव्हर्समध्ये सुकाणू जवळपास कामच करत नाही. बोट मध्याभोवती फिरते, म्हणून वळणावर पुढचं टोक सुटलं तरी मागचं टोक काठावर घासू शकतं. समोरून बोट आली तर उजव्या बाजूनं, डाव्या कुशी एकमेकींकडे ठेवून जायचं. फार आधीपासून काठाला चिकटू नका, कडेला गाळ असतो. मासे पकडणारे दिसले तर मध्यातून संथ, एकाच वेगानं जा. त्यांच्या लांब काठ्या शेवटच्या क्षणी उचलल्या जातात, ती त्यांची पद्धत आहे.

न्यू मार्टनचे दोन लॉक लँगॉलनच्या वाटेवरचे शेवटचे. उन्हाळ्यात इथे रांग लागते. लॉकशेजारून जादा पाणी खाली सोडणारी वाट असते आणि तिचा झोत खालून येणाऱ्या बोटीला लॉकच्या तोंडाशीच आडवा ढकलतो. झोताच्या बाजूला थोडं झुकून, जरा वेग राखून आत शिरा. अगदी हळू गेलं तर झोत जिंकतो. बाजूचे फेंडर (धक्का झेलायला लटकवलेल्या गाद्या) आधीच वर घ्या, लॉक जेमतेम 7 फूट रुंद आणि बोट 6 फूट 10 इंच. वर चढताना खालचे दरवाजे आणि पाणी सोडायच्या झडपा बंद झाल्याची खात्री करून वरची झडप आधी अर्धी उघडा, बोट स्थिर दिसली की मग पूर्ण. पुढचा फेंडर दरवाजाच्या आडव्या लाकडाखाली अडकत नाही ना, याकडे एकाची नजर हवीच. अडकला तर झडप लगेच बंद करायची. उतरताना धोका मागच्या टोकाला असतो: वरच्या दरवाजाखाली दगडी उंबरा आहे, त्याची जागा पांढऱ्या रेषेनं दाखवलेली असते, बोट त्या रेषेच्या पुढे ठेवा. झडपेचं हँडल दांड्यावर लावून कधी सोडू नका, सुटलं की गरगर फिरतं आणि मनगट मोडतं. आणि लॉक उलटवण्याआधी, म्हणजे रिकामा असेल तर भरण्याआधी किंवा भरलेला असेल तर रिकामा करण्याआधी, समोर बघा. पलीकडून बोट येत असेल आणि लॉकमधलं पाणी तिच्या बाजूच्या पातळीला असेल, तर पहिला हक्क तिचा.

चर्क गावाला आधी जलसेतू येतो, 1801 चा, केरिओग दरीवर 21 मीटर उंच, ओलांडला की तुम्ही वेल्समध्ये. शेजारून रेल्वेचा त्याहून उंच पूल जातो. सेतू संपला की लगेच 421 मीटरचा बोगदा. एकच बोट मावते. तो सरळ आहे, त्यामुळे तोंडाशी येऊन समोर दिवा हलतोय का ते बघता येतं. दिसला तर थांबा. पुढचा दिवा आणि आतले दिवे लावा, प्रवाहाविरुद्ध दहा-पंधरा मिनिटं धरा, हात-पाय आणि मुलं बोटीच्या आत. मागच्यानं घाई केली तरी वेग वाढवून काही मिळत नाही. पुढचा व्हाइटहाउसेस बोगदा लहान, नियम तेच.

पाँटकसुल्ते जलसेतू टेलफर्ड आणि विल्यम जेसप यांच्या नावावर, 1805 मध्ये खुला झाला: 307 मीटर लांब, डी नदीवर 38 मीटर उंच, 18 खांबांवर ओतीव लोखंडाचं पन्हळ. 2009 पासून जागतिक वारसा. पायवाट पाण्याच्या वर तोलून धरलेली आहे, म्हणजे तिच्याखालूनही पाणी सरकू शकतं आणि बोट पुढे जाऊ शकते. दोनशे वर्षांपूर्वी कोणीतरी बोटीनं सारलेल्या पाण्याचा इतका बारीक विचार केला, याचं आम्हाला आजही मोठं कौतुक वाटतं. कठडा फक्त पायवाटेच्या बाजूला. दुसऱ्या बाजूला लोखंडाची कड पाण्याच्या जेमतेम वर, आणि पुढे दरी. लहान मुलं आत किंवा मोठ्याच्या हाताला धरून, कोणीही त्या कडेला पाय सोडून बसायचं नाही. छतावर तर नकोच. पलीकडून बोट निघालेली असेल तर ती येऊ द्या. सेतू ओलांडताच लँगॉलनसाठी डावीकडे पुलाखालून जवळजवळ काटकोनात वळायचं असतं आणि प्रवाह त्याच बाजूनं येतो. आधी हळू व्हा, हॉर्न वाजवा, वळताना मात्र थ्रॉटलचा एक चांगला झटका द्या.

सेतूपलीकडच्या ट्रेव्हर गावानंतर कालवा डोंगराच्या कुशीतून जातो. काही लांब तुकडे खडकात कोरलेले आहेत, तिथे दोन बोटी एकमेकींना ओलांडू शकत नाहीत. एक माणूस फोन घेऊन पायवाटेनं पुढे पाठवा, दुसऱ्या टोकाला पोचून त्यानं वाट मोकळी असल्याचं कळवलं की मगच शिरा. भांडणं होतात ती हे न केल्यामुळे. कोणाला तरी प्रवाहातून रिव्हर्स जावं लागतं, मागे आणखी तीन बोटी आलेल्या असतात. अशा वेळी हक्क सांगत बसू नका, ज्याच्या मागे कमी बोटी त्यानं मागे जावं. लँगॉलनला दुपारच्या आत पोचा, जागा लवकर भरते. बोटी बांधायच्या धक्क्यापुढे हॉर्सशू फॉल्सकडे इंजिनाच्या बोटींना बंदी आहे, तिथपर्यंत पायी जा किंवा घोड्यानं ओढलेल्या बोटीतून.

मालकीच्या बोटवाल्यांशी गप्पा झाल्या तर परवान्याचा विषय निघेलच. 2012 पासून हे जलमार्ग कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट या संस्थेकडे आहेत. कायम धक्का नसलेल्या बोटींना 1995 च्या कायद्यानुसार एका जागी साधारण 14 दिवसांपेक्षा जास्त राहता येत नाही, आणि 2024 पासून त्यांच्या परवान्यावर जादा आकार बसला, जो टप्प्याटप्प्यानं वाढतोय. सतत फिरणारे याला अन्याय म्हणतात, धक्क्याचं भाडं भरणारे न्याय. दोघांची बाजू ऐकण्यासारखी आहे. पाहुण्यानं मात्र फलकावरची मुदत पाळावी, बऱ्याच ठिकाणी ती 48 तासांचीच असते.

परतताना प्रवाह पाठीशी असतो, त्यामुळे बोट थांबायला जास्त अंतर घेते. बोगद्यांच्या आणि पुलांच्या आधी नेहमीपेक्षा लवकर रिव्हर्स टाका. निघण्याच्या आठवड्यात ट्रस्टच्या संकेतस्थळावर बंद असलेल्या भागांच्या सूचना बघा, नोव्हेंबर ते मार्च दुरुस्तीची कामं चालतात. शेवटची रात्र भाड्याच्या धक्क्यापासून तासाभराच्या आत बांधा. बोट बहुधा सकाळी 9 च्या सुमारास परत द्यावी लागते, आणि त्या वेळी तिथे वळायला जागा नसते.