वेलँडची चकमक : भट्टीवरील कामाची नोंद

वेलँड म्हणजे जुन्या जर्मॅनिक आख्यायिकांतला लोहार; त्याच्यापुढचा दिवा काडेपेटीने नव्हे, तर लोहारकामातून आलेल्या ठिणगीने लागावा, या हेतूने हाती घेतलेली चकमक, म्हणजे गारेवर घासून ठिणगी पाडायचा पोलादी तुकडा, आता तयार झाली आहे. साध्या लोखंडात कार्बन कमी असल्यामुळे पाणी दिले (तापवून एकदम थंड केले) तरी ते पुरेसे कठीण होत नाही. म्हणून झिजलेल्या कानशीचे पोलाद घेतले. कानशीचे दाते आधी पूर्ण घासून काढावेत, कारण ते तसेच ठेवून ठोकल्यास घड्या पडतात आणि पुढे तिथेच तडा जातो. दोन्ही टोके ओढून बारीक केली, मागे वळवून बोटांना धरता येतील अशी कडी केली आणि तापल्या पोलादाला लोहचुंबक धरेनासे झाल्यावर, म्हणजे साधारण ७७० अंश सेल्सिअसच्या किंचित वर, फक्त घासायच्या कडेला पाणी दिले. ठिणगी गारेची नसते; गारेच्या धारेने खरवडलेला पोलादाचा कण हवेत पेटतो, त्यामुळे कड कठीण असणे हेच सारे मर्म आहे.

गारेचा तुकडा मी विकत आणला. इंग्लंडच्या ऑक्सफर्डशायरमधील रिजवे या प्राचीन वाटेवरच्या खडूच्या टेकड्यांत गार मुबलक असली, तरी तिथल्या ‘वेलँड्स स्मिदी’ (वेलँडची लोहारशाळा) या प्राचीन दगडी थडग्याच्या आवारातून काही उचलू नये, तिथे काही ठेवूही नये, असे माझे मत आहे. ते थडगे इ.स.पू. ३६०० ते ३४०० च्या सुमारास दोन टप्प्यांत उभे राहिले. वेलँडचे नाव त्याला पुष्कळ नंतर जोडले गेले आणि इ.स. ९५५ च्या एका सनदेत ते आढळते. घोडा आणि एक नाणे ठेवून गेल्यास परतेपर्यंत नाल ठोकलेले असतात, ही कथा १७३८ मध्ये फ्रान्सिस वाइज यांनी नोंदवली. आजचे भक्त घोडा न आणता नुसतीच नाणी दगडांच्या फटींत कोंबतात, त्याने दगडांची हानी होते आणि लोहाराला कामही मिळत नाही!

पूजेसाठी मी फ्रँक्स पेटी या कोरीव अँग्लो-सॅक्सन पेटीवरील चित्राची प्रत ठेवली आहे. आठव्या शतकातील, देवमाशाच्या हाडाच्या या पेटीवर वेलँडच्या सांडशीत राजपुत्राचे मस्तक आहे आणि खाली त्याचे धड पडलेले आहे. राजाने पायाच्या शिरा तोडून बेटावर डांबलेल्या या कारागिराने राजपुत्रांच्या कवट्यांचे पेले केले, हे त्याच्यावरचे जुने नॉर्स (स्कँडिनेव्हियन) काव्य स्पष्ट सांगते. ते काव्य त्याला देव न म्हणता अल्फांचा (एल्फ नावाच्या अद्भुत योनीचा) अधिपती म्हणते. दैवत म्हणून त्याची उपासना आपण आधुनिक हीदन (ख्रिस्तपूर्व युरोपीय दैवतांचे आजचे उपासक) करतो, आणि ती करताना त्याचा सूड झाकून केवळ कसबाचे गोडवे गाणे मला अप्रामाणिक वाटते. खंडेनवमीला अवजारे पुजणाऱ्या घरात वाढल्यामुळे ऐरणीपुढे हात जोडणे मला सहज जमते. या रागीट, अपंग केलेल्या कारागिराला सामोरे जाणे मात्र अवघड जाते.

त्याच काव्यात त्याच्या दोरीवरच्या सातशे कड्यांपैकी एक राजाची माणसे उचलून नेतात. त्याची आठवण म्हणून पुढचे काम शपथेच्या कड्याचे, म्हणजे हाती धरून शपथ घ्यायच्या कड्याचे, आहे: दहा मिलिमीटरची चौकोनी सळई आणली आहे, आणि पीळ समान पडावा म्हणून तिचा मधला भाग एकसारखा तापेल अशी भट्टीची मांडणी आधी बदलायची आहे.