पावसात अडकलेल्या खणाला रंधा नको

श्रावण-भाद्रपदात लाकडी खण अडकला तर रंध्याला हात लावायचा नाही. हे मी घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय, तरी दर पावसाळ्यात कुणी ना कुणी विचारतंच, "जरा घासून टाकूया का?" नको. जुलैत घासलेला खण मे महिन्यात खडखडतो, आणि एकदा गेलेलं लाकूड परत येत नाही.

याचा पुरावा आमच्या माजघरातच आहे. सासऱ्यांच्या वेळचं सागवानी कपाट, वर दोन छोटे खण शेजारी शेजारी आणि त्याखाली तीन रुंद. त्या तिघांतल्या मधल्या खणाला, मी या घरात येण्याआधी कधीतरी, कुणीतरी भर पावसात वरच्या कडेवरून रंधा मारलाय. वैशाखात त्याच्या वर चांगली बोटभर फट दिसते. खण निम्मा बाहेर ओढला की पुढे झुकतो, कारण वरून त्याला धरून ठेवणारी आडवी पट्टी आता त्याच्या कडेला टेकतच नाही. झुकला की त्याचा पुढचा खालचा भाग चौकटीवर घासतो. म्हणजे अडकू नये म्हणून घासला, आणि आता तो बाराही महिने अडकतो.

आमच्याकडे देवरूखला पाऊस किती, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या वर पडतो, आणि जून ते सप्टेंबर हवा नुसती ओली. लाकूड हवेतलं पाणी घेतं आणि सोडतं, कितीही जुनं असलं तरी. हवेतली आर्द्रता ६५ टक्के असेल तेव्हा लाकडात साधारण १२ टक्के पाणी असतं. आर्द्रता ९० टक्क्यांवर गेली आणि तशीच राहिली, की ते २० टक्क्यांच्या घरात जातं.

पण लाकूड सगळीकडून सारखं फुगत नाही, आणि खणाच्या बाबतीत सगळी मेख इथेच आहे. रेषांच्या, म्हणजे फळीवर दिसणाऱ्या तंतूंच्या, लांबीत ते जवळजवळ हलतच नाही. फुगतं ते रेषांना आडवं. सागवान ओलं कापल्यापासून पूर्ण सुकेपर्यंत खोडातल्या वर्तुळांच्या दिशेनं साधारण ५.८ टक्के आटतं, गाभ्याकडून सालीकडे २.५ टक्के. सागाचं नाव झालं ते हे आकडे इतर बऱ्याच लाकडांपेक्षा कमी आहेत म्हणूनसुद्धा. आता खणाची बाजूची फळी डोळ्यांसमोर आणा. तिच्या रेषा पुढून मागे जातात, म्हणजे फळी फुगणार ती उंचीत. पुढच्या फळीच्या रेषा डावीकडून उजवीकडे जातात, म्हणजे खणाची रुंदी तेवढीच राहणार. १५ सेंटीमीटर उंच फळी उन्हाळ्यातून पावसाळ्यात गेली की फळी कशी कापली आहे त्याप्रमाणे एक ते दोन मिलीमीटर वाढते. चांगला सुतार खणाच्या वर दोन-तीन मिलीमीटर फट ठेवतो ती याचसाठी. उन्हाळ्यात ती फट बघून "काम ढिलं केलंय" असं म्हणू नये.

म्हणून पावसाळ्यात खण वरून अडकत असेल तर बहुतेक वेळा तो फुगलाय, आणि दिवाळीनंतर आपोआप सुटेल. बाजूनं अडकत असेल तर कारण दुसरं आहे आणि ते शोधावं लागतं.

यंदा गणपतीला मुंबईहून भावजी आले. त्यांना सातबाऱ्याच्या जुन्या नकला आणि फेरफाराचे कागद हवे होते, आणि ते सगळे सर्वांत खालच्या खणात. खण चार बोटं बाहेर आला आणि थांबला. भावजींनी उजव्या मुठीला धरून जोर लावला, तसा तो आणखी आवळला.

"वहिनी, रंधा आहे ना घरात?"

"आहे, पण तो नको. आधी ती मूठ सोडा."

रुंद आणि कमी खोलीचा खण एका मुठीनं ओढला की तिरका होतो, आणि दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांवर आवळून बसतो. मग जितका जोर लावाल तितका तो घट्ट. दोन्ही मुठी एकदम, सरळ, आणि आधी थोडा आत ढकलून मगच बाहेर. तसं केलं, पण तो तिथेच थांबला. मुठीचे स्क्रू मात्र जुन्या लाकडात अशा वेळी सहज उपसून येतात, म्हणून ओढणं तिथेच बंद केलं.

वरचा खण पूर्ण काढून घेतला. बंद खणात हात घालायचा हा सगळ्यांत सोपा रस्ता, आणि लोक नेमका तो विसरतात. आत काही वर उभं राहिलंय का ते बघितलं. कागदांची पिशवी आडवी होती, सुईदोऱ्याचा डबा मागे होता, वर काहीही लागत नव्हतं. मग मी जमिनीवर बसून नुसत्या फटी बघितल्या. डाव्या बाजूची फट वर जवळजवळ मिटलेली आणि खाली मोकळी. उजव्या बाजूची बरोबर उलटी. वरची फट मात्र सगळीकडे सारखी होती, पातळ पण सारखी.

हे दिसलं की खणाकडे बघणं सोडायचं आणि कपाटाकडे बघायचं. खण जसाच्या तसा आहे, चौकट कलली आहे. मापपट्टी घेऊन खणाच्या तोंडाचे दोन्ही कर्ण मोजले. चौकट काटकोनात असेल तर ते सारखे यायला हवेत, इथे सरळसरळ फरक होता. मग गवंड्याची पाणसळ वर ठेवली आणि कारण सापडलं. गेल्या उन्हाळ्यात माजघरात नव्या फरश्या बसवल्या, तेव्हा कपाट सरकवून परत जागेवर ठेवलं. पुढचा डावा पाय ज्या फरशीवर आला ती जरा दबलेली आहे. पायाखालून कागद सहज आरपार जात होता. त्यात वर मोठी ट्रंक, तीही डावीकडे.

ट्रंक उतरवली, उरलेले खण काढून कपाट हलकं केलं. भावजींनी पहारीनं कोपरा जरासा उचलून धरला आणि मी पायाखाली सागाची पातळ पाचर सरकवली. पाचर ठोकायची नाही. पाणसळ बघत बघत थोडी थोडी आत घ्यायची. बाजूच्या फटी वरपासून खालपर्यंत सारख्या झाल्या, आणि खण दोन्ही मुठींनी बाहेर आला. भावजींना कागद मिळाले.

इथे बरेच जण थांबतात. मी थांबले नाही, कारण खण बाहेर येताना डावीकडे जड लागत होता. माझे वडील शाळेत मूलोद्योगाला सुतारकाम शिकवायचे. मोडका खण आला की ते आधी तो उलटा करून बोटं फिरवायचे, नंतर हत्यारांची पेटी उघडायचे. मीही तेच करते. बाजूच्या फळीची खालची कड डावीकडे पुढच्या भागात झिजलेली होती. आत ज्या पट्टीवर ती सरकते तिच्यावरही तिथेच खोलगट खाच पडलेली. साठेक वर्षं एकाच जागी लाकडावर लाकूड घासलंय, झिजणारच. झीज झाली की खण त्या बाजूला खाली बसतो.

घासणं नेमकं कुठे होतंय हे बघायला साधा रंगीत खडू पुरतो. सगळ्या कडांना खडू फासायचा, खण हलक्या हातानं आत-बाहेर करायचा आणि काढून बघायचा. जिथे खडू पुसला गेलाय तिथेच लागतंय. खडू नसला तरी उजेडात तिरकं धरून बघा, घासलेली जागा काचेसारखी चमकते. माझ्या खणाला वरच्या कडेवर खडू तसाच होता. म्हणजे त्या ओल्या हवेतही वर अडकत नव्हतंच. भावजींनी रंधा मारला असता तर तो वरच मारला असता.

पट्टीवरची खाच पटाशीनं सपाट केली आणि तेवढ्याच लांबीची सागाची ३ मिलीमीटर जाड पट्टी फेव्हिकॉलनं बसवली. रेषा पुढून मागे, खण सरकतो त्याच दिशेनं. आडव्या रेषांची पट्टी बसवली तर तिचे टवके निघतात. खिळे मारले नाहीत. पट्टी झिजत गेली की खिळ्याचं डोकं वर येतं आणि खणाच्या कडेला ओरखडे काढतं. शिकंजा आत बसत नव्हता म्हणून पट्टीवर खलबत्ता ठेवला. पावसाळ्यात फेव्हिकॉल वाळायला वेळ घेतो, तेव्हा रात्रभर हात लावायचा नाही.

मग मेण. पांढरी साधी मेणबत्ती घ्यायची आणि खणाच्या खालच्या कडा, बाजू आणि आतल्या पट्ट्या यांवर दाबून घासायची. बस. तेल अजिबात नको, खोबरेल नाही आणि मशीनचंही नाही. तेल लाकडात मुरतं, वर चिकट राहतं, त्यावर धूळ बसते आणि पुढच्या वर्षी तोच खण डिंक लावल्यासारखा चालतो. साबण लावणारेही आहेत. सुरुवातीला छान सरकतो, पण साबण हवेतलं पाणी ओढतो, आणि कोकणात तेच नको असतं.

आमच्या मेस्त्रींनाही फोन केला होता, वरचा तो रंधलेला खण एकदा नीट करून घ्यावा म्हणून. ते मखरांच्या कामात. म्हणाले, "वहिनी, गणपती जाऊ द्या, मग बघू. तोवर कशालाही घासू नका, लाकूड पाणी प्यायलंय सगळं." त्या खणाला वरच्या कडेवर नवी पट्टी जोडायची आहे, आणि ती जोडताना लाकूड कोरडं असलेलं बरं.

रंधा कधीच मारायचा नाही असं मी म्हणत नाही. फाल्गुन-चैत्रात, कोरड्या हवेतही खण वरून अडकत असेल, तर तो खरंच मोठा आहे. तेव्हा खडूनं जागा बघून, पेन्सिलीची रेघ मारून, रेषांच्या दिशेनं एक पातळ साल काढायची आणि लगेच घालून बघायचं. शेवटी १२० नंबरचा पॉलिश पेपर. पावसातच खण सोडवायची वेळ आली तर घासू नका, वाळवा. सामान काढून दोन दिवस पंख्याखाली उभा करून ठेवा. थेट उन्हात नको, फळी वाकते. पूर्वी कपाटात ६० चा पिवळा बल्ब लावून ठेवत, तो ऊब द्यायचा. एलईडीनं ते होत नाही.

मुलाच्या ठाण्याच्या फ्लॅटमधले स्वयंपाकघरातले ड्रॉवर वेगळे. तिथे भुश्याचे दाबलेले बोर्ड आणि लोखंडी चॅनेल. तो बोर्ड पाण्यानं फुगला की परत बसत नाही, त्याला घासलं तर नुसता भुसा निघतो, बदलणं हाच उपाय. पण अडकण्याचं कारण बहुतेक वेळा चॅनेलचा सैल झालेला स्क्रू असतो, डोकं बाहेर येऊन चॅनेलमधल्या गोळ्यांच्या वाटेत येतं. ड्रॉवर काढायला दोन्ही बाजूंना छोटी काळी पट्टी असते. एक वर उचलायची, दुसरी त्याच वेळी खाली दाबायची. त्यानं फोनवर विचारलं, "आई, दोन्ही वर ओढतोय, निघत का नाही?" तर त्यासाठी.

आता दिवाळीनंतरचं काम. आमच्या कपाटाला बाहेरून पॉलिश आहे, खण आतून आणि मागून कोरे. पाणी त्या कोऱ्या लाकडातून शिरतं. त्यामुळे कार्तिकात, हवा कोरडी झाली की पाचही खण आतून-बाहेरून चपड्यानं, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेनं, पुसून घेणार आहे. पाणी शिरणं पूर्ण थांबत नाही, पण पुष्कळ हळू होतं. फळीच्या दोन्ही अंगांना सारखाच लावायचा, नाहीतर ती एका बाजूला वाकते. पावसात चपडा लावला तर पांढरट पडतो, म्हणून आत्ता नाही. एक लिटर स्पिरिटला सव्वाशे ग्रॅमच्या आसपास चपडा, रात्रभर भिजवून मलमलीतून गाळायचा, आणि कापसाच्या बोळ्यानं दोन-तीन पातळ हात. स्पिरिट पेटतं, तेव्हा चूल आणि समई दोन्हींपासून लांब, पडवीत बसून. सरकणाऱ्या कडांना आणि आतल्या पट्ट्यांना मात्र चपडा लावायचा नाही, तिथे मेणच.